दुसऱ्या भोंग्याची भाकरी

माझ्या बापाला मी तोंडावर 'आबा, तुमी' म्हणायची आणि मनात 'तो' म्हणायची. आता तो नाही, त्याचा कमरेचा पट्टाही नाही, तेव्हा इथं मनातलंच लिहिते. वाचून कुणाला वाईट वाटलं तर वाटू दे. त्यांनी आमच्या खोलीत आठ दिवस काढून दाखवायला हवे होते.

तो सोलापुरात मिलमध्ये जॉबर होता. जॉबर म्हणजे मागावरच्या माणसांचा मुकादम. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला घरी बसवायचं, कुणाच्या गळ्यात मोडका माग बांधायचा, सगळं त्याच्या मर्जीवर. त्याच्या मागखात्यातली माणसं त्याला वाकून रामराम करायची आणि पाठ वळली की थुंकायची. मिलच्या चाळीत आम्हाला खोली होती, तीही त्याच्या नोकरीवर. घरात आई आणि मी. भाऊ नव्हता, आणि नव्हता यात चूक आईची, असं तो दर सणाला सांगायचा.

मला मोहोळकडं दिली होती. सासरी मार होता. का होता विचाराल तर सांगता येणार नाही, तिथं सकाळी सडा पडायचा तसा मारही पडायचा. पहिल्यांदा पळून माहेरी आले तेव्हा तो मिलमधनं नुकताच आला होता, पाय धूत होता. वर न बघता म्हणाला, "भांडून आली असशील. उद्याच्या गाडीनं परत." दुसऱ्यांदा आले तेव्हा तेवढंही बोलला नाही, नुसतं स्टेशनाकडं बोट केलं. तिसऱ्यांदा सासरच्यांनीच मला ट्रंकेसकट सोलापूरच्या फलाटावर आणून सोडलं आणि त्याच पावली माघारी गेले. तेव्हापासून आमच्या घरात माझं नाव 'टाकलेली'. "टाकलेलीला म्हणावं पाणी आण." "टाकलेलीनं आज लई मीठ घातलंय." मी चौथी पास होते, सगळा हिशोब तोंडी करायची, पण नाव तेच.

मग तो आजारी पडला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला घागरीच्या घागरी पाणी पिऊ लागला, खायचा दुप्पट आणि दिसायचा निम्मा. पायाला मागाचा खिळा लागला होता, ती जखम दोन महिने भरली नाही. एक दिवस खात्यातच कोसळला. चौघांनी उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, लघवीतनं साखर जाते, मधुमेह आहे.

"साखर?" तो खाटेवरनं ओरडला. "मी जन्मात साखर खात न्हाय. गूळ खातो. साखर आली कुटनं?"

डॉक्टरांनी समजावलं. त्याला समजावणं म्हणजे चालत्या मागाशी बोलणं. तरी त्याच्या दंडात रोज एक नव्यानं निघालेलं औषध टोचलं जाऊ लागलं, इन्सुलिन म्हणतात ते. मुंबईहून बाटली यायची. आठ दिवसांत माणूस उठून बसला, आणि बसला तसा त्यानं तोंड सोडलं.

वॉर्डात एक सिस्टरबाई होत्या, ख्रिस्ती, कुठल्या तरी नगरकडच्या. काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. माझ्या बापाला तर नाहीच. रोज सकाळी त्याची लघवी काचेच्या नळीत निळ्या औषधाबरोबर तापवायच्या. निळी राहिली तर चांगलं, हिरवी झाली तर थोडी साखर, पिवळी झाली तर जास्त, आणि विटकरी झाली तर त्या नळी हातात धरून तडक त्याच्या खाटेशी येत. "काल काय खाल्लं?"

"ह्यो रंग पक्का न्हाय," तो म्हणायचा. "मला रंग शिकवू नगा. तीस वर्सं सुताचं रंग बघतुय."

उशी उचलली की खाली पेढे. ते आणायची त्याच्या खात्यातली माणसं. भेटायला यायची, भीतीपोटी, आणि रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून पेढे, जिलबी, केळी. एकाला मी जिन्यात गाठलं आणि सांगितलं, "दादा, गोड आणू नगा. त्यास्नी गोड म्हंजे विष हाय." त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा वॉर्डाच्या दाराकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी दुप्पट जिलबी घेऊन आला. मला राग यायला हवा होता. मी पदर तोंडाला लावून हसले.

घरी सोडायची वेळ आली तेव्हा सिस्टरबाईंनी विचारलं, सुई कोण शिकणार? आई सुई बघूनच भिंतीला टेकली. राहिले मी.

"ही?" तो म्हणाला. "हिला सुईत दोरा ववता येत न्हाय."

सिस्टरबाईंनी मला लिंबावर शिकवलं. पिचकारी आणि सुई उकळायची, बाटलीचं बूच स्पिरिटनं पुसायचं, दहाव्या रेघेपर्यंत औषध ओढायचं, बुडबुडा काढायचा, चामडी चिमटीत धरायची. लिंबामागनं लिंबं टोचली. तिसऱ्या दिवशी सुई त्याच्या दंडात टोचली. तो शिव्या देत होता आणि माझा हात जराही हलला नाही. सिस्टरबाई म्हणाल्या, "छान." मला 'छान' म्हणणारं ते आयुष्यातलं पहिलं माणूस.

"आता नीट ऐक," त्या म्हणाल्या. "सुई दिल्यावर अर्ध्या तासानं भाकरी. मी मापून दिलीय तेवढीच, पण द्यायचीच. लवकर नको, आणि उशीर तर अजिबात नको. औषध अंगात गेलं आणि भाकरी पोटात गेली नाही, तर माणूस जातो. घरात घड्याळ आहे?"

"न्हाय."

"मग अर्धा तास कळणार कसा?"

उत्तर खाटेवरनं आलं. "आमच्या मिलचा भोंगा हाय की. पहिला उठायचा. त्येच्यानंतर बरुबर अर्ध्या तासानं दुसरा, घरातनं निगायचा. एक मिनिट हिकडं न्हाय का तिकडं न्हाय."

सिस्टरबाईंनी विचार केला. चाळीत सगळ्यांचं आयुष्यच भोंग्यावर चालायचं, ते त्यांनाही ठाऊक होतं. "ठीक आहे. पहिल्या भोंग्याला सुई, दुसऱ्या भोंग्याला भाकरी. संध्याकाळीही तसंच, सुटीच्या भोंग्यांवर."

जाता जाता त्यांनी मला बाजूला घेतलं. गुळाचा खडा कायम जवळ ठेव म्हणाल्या. घाम सुटला, हात थरथरले, काहीतरी बरळायला लागले, विनाकारण चिडले, शिव्या द्यायला लागले, तर समजायचं की रक्तातली साखर उतरली. लगेच गुळाचं पाणी पाजायचं.

"सिस्टरबाई," मी म्हटलं, "विनाकारण चिडले आणि शिव्या दिल्या तर गूळ द्यायचा असंल, तर मग त्यास्नी उठल्यापासनं झोपेपर्यंत गूळच चारावा लागंल."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग काय वेगळं दिसतं ते तू बघायचं. तुझा बाप आहे, तुलाच कळेल."

गूळ मी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. डब्यात ठेवला असता तर त्यानं शोधून खाल्ला असता.

घरी आला आणि पुन्हा राजा झाला. औषधाची बाटली मी ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवायची, तर मडक्यात काय लपवलंय म्हणून चौकशी. आईनं मापाची भाकरी थापली की तो ती हातात धरून उजेडाला बघायचा. "सशाला घालता काय ही?" मिलच्या मालकांनी सांगितलं होतं, बरा होऊन ये, तुझी जागा आहे. त्या जागेवर तोवर दुसरा जॉबर बसवला होता, आणि त्याचा राग आमच्या दोघींवर निघायचा. पहिले दोन दिवस मी सुई जरा जोरातच टोचली. खोटं कशाला बोलू.

मला त्याचं मरण हवं होतं का? तो गेला तर खोली जाणार, आई आणि मी रस्त्यावर येणार, एवढं मला कळत होतं. म्हणून तो जगायला हवा होता. यात मायेचा संबंध नव्हता.

घरी येऊन पाचवा दिवस. पहाटे पहिला भोंगा झाला. मी सुई दिली. आईनं भाकरी तव्यावर टाकली, मेथीची भाजी वाढली, ताट त्याच्यापुढं ठेवलं. उजाडलं. पाण्याला जाणाऱ्या बायकांच्या घागरी वाजल्या. दुसरा भोंगा काही होईना.

स्टेशनाकडच्या मिलचा भोंगा नेहमी आमच्या दुसऱ्या भोंग्याच्या मागोमाग व्हायचा. तो झाला.

"आबा, खावा," मी म्हटलं. "त्यांचा झाला. म्हंजे आपली येळ कवाच झाली."

"त्यांचा भोंगा म्हंजे काय भोंगा हाय?" तो म्हणाला. "कोल्हं वरडल्यावानी. आपला झाला न्हाय, म्हंजे येळ झाली न्हाय."

"अवं, भाकर निवाया लागली की," आई म्हणाली.

"गप! शिस्टर काय म्हणली हुती? दुसऱ्या भोंग्याला. मी ऐकत न्हाय, मी ऐकत न्हाय म्हणून बोंबलता ना सगळी? घ्या, आता ऐकतोय. तीस वर्सांत माझ्या मिलचा भोंगा चुकला न्हाय."

दवाखान्याचा एकही नियम ज्यानं पाळला नाही, त्यानं हा एकच पाळायचा ठरवला, कारण तो त्याच्या मिलचा होता. मी पुन्हा सांगितलं. त्यानं ताट पायानं सरकवलं. भाजी सारवलेल्या जमिनीवर सांडली. "टाकलेलीनं मला येळ शिकवू नये," म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "बरं," मी म्हटलं, "ऱ्हावा उपाशी." आईनं भाजी गोळा केली, ताटावर परात पालथी घातली, आणि मी घागर उचलून नळाला गेले. 'उशीर तर अजिबात नको' हा सिस्टरबाईंचा शब्दन् शब्द डोक्यात होता. विसरले होते असं मी कधीच म्हणणार नाही.

नळावर बायका बोलत होत्या. पहिल्या भोंग्यानंतर भोंग्याच्या बॉयलरची नळी फुटली होती, आज पुन्हा भोंगा होणार नव्हता. मुकादम माणसं पाठवून चाळीचाळीतनं कामगारांना बोलावत होते. म्हणजे तिथं उभ्या उभ्या मला कळलं की त्याचा दुसरा भोंगा आज येणारच नाही. तरी मी रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा मागच्या बाईला म्हटलं, "तुमी भरा आधी, मला घाई न्हाय."

परत आले तर तो चाळीच्या अंगणात येरझाऱ्या घालत होता. कामाला निघालेल्या माणसांवर ओरडत होता, "भोंगा न्हाय आन् कुटं चाललाय रं भाडखाऊंनो?" सदरा पाठीला चिकटला होता. घाम मी बघितला. पण उन्हाळा होता, आणि शिव्या तर रोजच्याच होत्या. आईला त्यानं मिलच्या फाटकावर पिटाळलं होतं, भोंगा कधी होणार विचारून ये म्हणून. ती बिचारी गेली होती.

मी आत जाऊन घागर ठेवली. तो मागोमाग आला, भिंतीला हात लावत, आणि घोंगडीवर बसला. मी पाठमोरी होते. शिवीची वाट बघत होते.

"पोरी," तो म्हणाला.

मला वाटलं दारात दुसरं कुणीतरी आहे. मी वळून बघितलं. तोच होता. चेहरा घामानं निथळलेला, हात मांडीवर थरथरत होते, आणि डोळे मऊ. त्या डोळ्यांत मी कधी असं काही बघितलं नव्हतं.

"उभी का ऱ्हायलीस? बस की हितं," तो म्हणाला, आणि घोंगडीवर सरकून मला जागा केली. "तू खाल्लंस का कायतरी?"

'काय वेगळं दिसतं ते तू बघायचं.' मला कळलं. तत्क्षणी कळलं. दुसऱ्या कुणाच्या बापानं असं विचारलं असतं तर मुलीनं 'हो' म्हटलं असतं आणि कामाला लागली असती. माझ्या बापानं विचारलं म्हणजे तो मरत होता. मी पदराची गाठ सोडली. गूळ मुठीत घेतला. पाण्याचा तांब्या तिथंच हाताशी होता.

"तितं तुला लई मारत हुते," तो म्हणाला.

मी थांबले.

"मला ठावं हुतं," तो म्हणाला. जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट होते. "पहिल्यांदा आलीस तवाच. तू वाकून पाणी वतत हुतीस. चोळी वर सरकली. पाठीवर वळ हुते, काळंनिळं. मी बघितलं."

म्हणजे पाय धुताना त्यानं वर बघितलं होतं. मला इतकी वर्षं वाटायचं, त्याला ठाऊक नाही. मी सांगितलं नाही, आईनं सांगितलं नाही, बिचाऱ्याला कसं कळणार, असं म्हणून मी मनाशी त्याची बाजू घ्यायची. तेवढी एकच बाजू माझ्याकडं शिल्लक होती.

"मग परत का धाडलंत?" मी विचारलं.

तो नुसता हसला, लहान मुलासारखा.

"आबा, का धाडलंत? दोनदा का धाडलंत?"

गूळ माझ्या मुठीत वितळायला लागला होता, बोटं चिकट झाली होती. तो एका कुशीला कलत होता. मी त्याला तसाच विचारत होते. लोकांना हे कळलं तर म्हणतील, बापाचा गोड शब्द ऐकायला पोरगी थांबली. तसं नव्हतं. मी रागानं थांबले. उत्तर दिल्याशिवाय तुला गूळ मिळणार नाही, असं माझ्या मनात चक्क होतं. किती वेळ थांबले ते मला माहीत नाही. घरात घड्याळ नव्हतं आणि भोंगाही बंद होता.

उत्तर त्यानं दिलं नाही. डोकं भिंतीवर आपटलं आणि डोळे पांढरे झाले. तेव्हा मी भानावर आले. गूळ तांब्यात कालवला, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आधी हिरड्यांना गूळ चोळला, मग गिळायला लागल्यावर घोटघोट पाणी पाजलं. आई दारात आली आणि किंचाळली. शेजारी जमले. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं, आणि ते डोळे पुन्हा त्याचेच झाले.

"अवदसे," तो म्हणाला. "मारायला बसली हुतीस व्हय मला?"

शेजारीण म्हणाली, "घ्या! आबा आले शुद्धीवर." सगळे हसले.

भाकरी खायला घालून टांग्यातनं त्याला दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी तपासलं, विचारलं काय झालं. आईनं भोंग्याचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

"भोंग्याचं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "हिला इचारा. हिच्या मुठीत गूळ हुता. मुठीत गूळ धरून बघत हुबी ऱ्हायली ही. मी बघितलं."

घोंगडीवरची जागा त्याला आठवत नव्हती. वळ आठवत नव्हते, निदान बोलल्याचं तरी आठवत नव्हतं. एवढं एकच आठवत होतं.

सिस्टरबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "गाठ लौकर सुटंना."

"अहो, तिनं वाचवलंय तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "ही मुलगी नसती तर तुम्ही आज इथं नसता. जरा लाज बाळगा."

"खरं सांगतुय!" तो ओरडला. "गाठ सुटली हुती! माझ्या डोळ्यांनी बघितलं!"

वॉर्डातले इतर रोगीही हसले. त्याला सगळे ओळखत होते. विटकरी नळी निळी आहे म्हणणारा, उशीखाली पेढे ठेवून कानावर हात ठेवणारा माणूस. सिस्टरबाईंनी माझ्या पाठीवरनं हात फिरवला. जन्मभर तो माझ्याबद्दल वाटेल ते बोलत आला आणि लोकांनी ऐकून घेतलं. एकदाच खरं बोलला, तर कुणी विश्वास ठेवला नाही. मी खाली मान घालून उभी राहिले. खरं काय ते सांगितलं नाही. सिस्टरबाईंना सांगायला हवं होतं. त्याच दवाखान्यात पुढं मी आया म्हणून लागले, त्यांच्याच हाताखाली राबले, घरी जाणाऱ्या किती बायकांना लिंबावर सुई शिकवली, पण हे त्यांना कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याला घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी बॉयलर नीट झाला होता. पहिला भोंगा झाला. मी सुई उकळून आणली, औषध भरलं, बुडबुडा काढला. भाकरी आईनं आधीच करून ठेवली होती. तो घोंगडीवर बसला होता. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग माझ्या पदराच्या गाठीकडं, मग पुन्हा माझ्या तोंडाकडं. शिवी दिली नाही. 'टाकलेली' म्हणाला नाही. गुपचूप बाही वर केली आणि दंड पुढं केला.

तो मला घाबरला होता. मला बरं वाटलं. सुई मी अगदी हळू टोचली.